वजन : नोंद नाही

घाटीगावच्या पुढे रस्ता दगडाचा होतो.
जीप खाणीपाशी थांबते, तिथून मी चालते.
पिशवीत अठ्ठावीस पानांचा फॉर्म, दोन पेनं,
आणि ताणकाटा, ज्याची झोळी मी दर रविवारी
लष्करातल्या आमच्या गच्चीवर वाळत घालते.
शेजारच्या फाटकवहिनी विचारतात,
कुणाकडे बाळ आहे गं?

अभ्यासाचं नाव लांबलचक आहे.
लोकांना मी एवढंच सांगते :
जी बाळं महिनाभरही राहिली नाहीत
ती का राहिली नाहीत, हे विचारत फिरते.
चाळीस दिवस जाऊ द्यायचे, मग जायचं, असा नियम.
एकेचाळिसाव्या दिवशी दुःखाला बोलता येतं
हे कुणी मोजलं, कशानं,
प्रशिक्षणात मी विचारलं नाही.
जेवणाची सुट्टी जवळ आली होती.

बिरजो आदिवासी. वय : अंदाजे बावीस.
तिनं माझ्यासाठी खाट टाकली, स्वतः जमिनीवर बसली.
मीही खाली बसले.
खाटेवर फॉर्म एकटाच, व्याह्यासारखा.

जन्मल्यावर बाळ रडलं होतं का?
हो. मांजराच्या पिलासारखं.
मी एक लिहिला. एक म्हणजे हो. मांजराला रकाना नाही.
दूध ओढत होतं का?
पहिल्या दिवशी. मग नुसते ओठ लावून ठेवायचं.
अंग गार पडलं होतं का?
ती माझ्याकडे बघत राहिली.
पौषातली रात्र, वर दगडी पाट्यांचं छप्पर.
म्हणाली, त्या रात्री गार काय नव्हतं?

उघड्या छातीशी धर, कातडीला कातडी लागू दे,
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
तेच सांगायला पुढच्या वर्षी दुसरा अभ्यास येतोय.
निम्म्या गावांत सांगतील, निम्म्यांत नाही,
फरक कळावा म्हणून.
तिचं गाव कुठल्या निम्म्यात,
चिठ्ठी अजून निघालेली नाही.

प्रश्न एकतीस. जन्माच्या वेळचं वजन, ग्रॅममध्ये.
कार्ड पाहून लिहावे. कार्ड नसल्यास नऊ नऊ नऊ नऊ.
कार्ड कुठलं?
मोहन्याच्या अलीकडे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झालं होतं बाळ.

माझे तीन नऊ काढून झाले होते.
ती उठली.
कोठीतून बाजरी काढून पदरात घेतली,
दोन्ही हातांवर तोलली, डोळे मिटले.
मूठभर काढून टाकली. परत तोलली.
मग चिमूट चिमूट घालत राहिली.
दारातल्या सासूनं बिडी विझवली.
खूप वेळानं तिच्या कोपराला काहीतरी आठवलं.
"इत्तोई हतो," ती म्हणाली.
एवढाच होता.

मला झोळी काढायची गरज नव्हती.
काढली.
दाराच्या आडव्या लाकडाला काटा टांगला,
ती बाजरी तिनं झोळीत अशी ठेवली
की आधी खालून हात, मग डोक्याकडची बाजू.
काटा थरथरला, थांबला. एक किलो आठशे साठ.

आकडे तिला वाचता येत नाहीत.
कमी आहे का? तिनं विचारलं.

एकवीस वर्षं मी बाळं तोलली आहेत.
हो म्हणावं, तर दोष तिच्या पोटाकडे जातो.
नाही म्हणावं, तर मग गेला कशानं?
मी म्हटलं, बरोबर आहे.
काय बरोबर, ते तिनं विचारलं नाही.

चौथा नऊ पुरा केला.
समासात पेन्सिलीनं १८६० लिहिलं,
जे आठवड्यानं ऑफिसात
संगणकावरच्या कोल्हटकरांच्या निनादनं वाचलं
आणि म्हणाला, ताई, समास भरत नाही आपण.
माहीत आहे, मी म्हटलं. खोडलं मात्र नाही.

पण ते नंतर.
त्या दुपारी तिनं झोळी उपडी केली,
बाजरी कोठीत गेली, आधीच्या बाजरीत मिसळली.
घरात सात माणसं होती.
चूल पेटवायची वेळ झाली होती.